एकच वही: कराड परिसरातील आमच्या बांधकाम व्यवसायाच्या प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२५

सोमवार, ९ जून २०२५

परवाच्या शनिवारचा पगार सिमेंटच्या दुकानदाराकडून ६०,००० रुपये हातउसने घेऊन भागवला. ज्यांचे ६,८०,००० रुपये आपण देणे लागतो, त्यांच्याच दारात मजुरीसाठी उभे राहावे लागले आणि त्यांनी एक शब्दही न बोलता पैसे काढून दिले, याची रुखरुख अजून गेलेली नाही. म्हणून आजपासून या नोंदी ठेवण्याचे ठरवले आहे.

हा व्यवसाय दादांनी २२ वर्षांपूर्वी हातात थापी घेऊन, गवंडीकामापासून उभा केला. स्थापत्य पदविका पूर्ण करून मी ९ वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर आलो. आज हाती तीन कामे आहेत: एका डॉक्टरांचा २,४०० चौरस फुटांचा दुमजली बंगला, जो साहित्यासह १,८५० रुपये चौरस फुटाने घेतला आहे; चार रो-हाऊसचे केवळ मजुरीवरचे काम; आणि एका शाळेच्या दोन खोल्यांची दुरुस्ती. कामे आहेत, माणसे आहेत, तरीही बँकेची १५ लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या कर्जाची, मर्यादा पूर्ण वापरून झाली आहे. खडी आणि क्रशसँडचे १,४५,००० आणि सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला तोलणाऱ्या फळ्या-टेकूंच्या, भाड्याचे ९०,००० रुपये वेगळेच द्यायचे आहेत.

दादांच्या मते यंदा पाऊस मे महिन्यातच आल्यामुळे सगळे बिघडले. पावसाने कामाचे तीन आठवडे खाल्ले हे खरे आहे. परंतु दुकानदाराचा खातेउतारा पाहिला असता देणे फेब्रुवारीपासूनच वाढत गेलेले दिसते, आणि फेब्रुवारीत कराडला कडक ऊन होते.

बुधवार, ११ जून

आमच्याकडे तीन वह्या आहेत हे मला आज नीट उमगले. दादांच्या खिशातील डायरी, माझ्या संगणकावरील हिशेब आणि मुकादमाची हजेरीची वही. मार्च ते मे या तीन महिन्यांची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर एकही आठवडा तिन्हींमध्ये सारखा जुळला नाही. दादा ज्या दिवशी पैसे देतात त्या दिवसाची नोंद करतात, मी ज्या दिवशी मला कळते त्या दिवसाची करतो, आणि मुकादम फक्त माणसे मोजतो. कोणीही खोटे लिहिलेले नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते खरे लिहिले आहे, आणि म्हणूनच कोणते काम नफ्यात आहे आणि कोणते तोट्यात, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता येत नाही.

मंगळवार, १७ जून

बंगल्याच्या पोलादाचा हिशेब आज पूर्ण केला. तो सविस्तर लिहितो, कारण यातून जे निघाले त्याने माझी झोप उडवली आहे.

नकाशावरून बारबेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांच्या मापांचा तक्ता, मांडून, सळईच्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागण्याच्या नेहमीच्या सूत्राने वजन काढले. आतापर्यंतच्या कामात ४,६२० किलो पोलाद लागायला हवे होते. चलनांप्रमाणे ५,१८० किलो आले आहे, आणि जागेवर न वापरलेली पूर्ण लांबीची एकही सळई शिल्लक नाही. फरक ५६० किलोंचा, म्हणजे १२ टक्क्यांहून थोडा अधिक. कापणीतील तुकड्यांपोटी आम्ही ३ ते ५ टक्के घट धरतो.

दादांनी हा आकडा ऐकताच साठ्यावर बसणाऱ्या मुलाचे नाव घेतले. १९ वर्षांचा हा मुलगा दोन वर्षांपासून आमच्याकडे आहे. उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांग, असे दादा म्हणाले. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि मुकादम, सळया बांधणारा फिटर व तो मुलगा यांना बरोबर घेऊन तिन्ही जागा पालथ्या घातल्या. रो-हाऊसच्या कामावर एप्रिलमध्ये १२ मिलिमीटरच्या १४० किलो सळया नेल्या होत्या. तेथील मालकाचे पोलाद उशिरा येणार म्हणून दादांनीच त्या उसन्या पाठवल्या होत्या, मात्र त्याची नोंद कोठेही नव्हती. कुंपणापाशी गवतात ९५ किलो वापरता येतील असे मोठे तुकडे सापडले आणि भंगाराच्या ढिगात १६८ किलो कात्रण निघाले.

उरलेल्यापैकी १२५ किलोंचा उलगडा सर्वांत जास्त बोचला. तुळयांच्या रिंगा नकाशात टोकांकडे ४ इंचांवर आणि मधल्या भागात ६ इंचांवर दाखवल्या आहेत. फिटरने त्या सगळीकडे ४ इंचांवर बांधल्या, कारण त्याच्या हातात पहिला नकाशा होता आणि सुधारित नकाशा माझ्या फोनमध्ये होता. तो त्याला देणे हे माझे काम होते. आता फक्त ३२ किलोंचा हिशेब लागत नाही, आणि एवढ्या वजनात तो मला मान्य आहे.

संध्याकाळी दादांनी त्या मुलाला चहाला बोलावले. संशय घेतला होता असे त्याला कोणी सांगितले नव्हते, पण त्याला ते समजले होते. दादा त्याला म्हणाले, "माझं चुकलं, पोरा." दादांच्या तोंडून हे शब्द मी प्रथमच ऐकले. उद्यापासून आवक-जावक वही त्या मुलाच्या हाती राहील, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागेवर एक सळई जरी गेली तरी तिची पावती फाडली जाईल.

रविवार, २२ जून

आज घरी बसून बोललो: दादा, वहिनी, माझी पत्नी आणि मी. घरातील खर्च आणि कामाचे पैसे एकाच पिशवीतून जातात, हा विषय काढण्याचे धाडस आजवर झाले नव्हते. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात ३,५०,००० रुपये रो-हाऊसच्या उचलीतून, म्हणजे त्या कामासाठी आगाऊ आलेल्या पैशांतून, खर्च झाले. ते लग्न माझ्याही घरचे होते आणि खर्चाला माझीही संमती होती, म्हणून दोष देण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्या पैशातून ज्या गवंड्यांची मजुरी द्यायची होती, ते पुढील चार आठवडे अर्ध्या पगारावर राबले, आणि त्यांतील दोन चांगले कारागीर आम्हाला सोडून गेले.

तोडगा वहिनींनी सुचवला. त्या आठ वर्षे बचत गटाचे हिशेब सांभाळत आहेत. त्या म्हणाल्या, "आमच्या गटात वीस रुपये काढायचे तरी दोघींच्या सह्या लागतात, आणि ज्या दिवशी बैठक त्याच दिवशी ठराव लिहिला जातो. तुमच्याकडे लाखांचा व्यवहार असून सही कोणाचीच नाही." दादा काही वेळ गप्प राहिले, आणि मग त्यांनी खिशातील डायरी काढून वहिनींच्या पुढे ठेवली.

ठरले ते असे. तिन्ही कामांसाठी एकच वही राहील, तीत प्रत्येक कामाचे पान वेगळे असेल आणि ती वही वहिनींकडे राहील. ५,००० रुपयांवरील प्रत्येक खर्चावर दादांची आणि माझी सही लागेल. दोन्ही घरांसाठी प्रत्येकी २५,००० रुपये महिन्याच्या पहिल्या तारखेला निघतील, आणि त्यापलीकडे कामाच्या पैशाला घरासाठी हात लावायचा नाही. वहिनींना या कामाचा मोबदला म्हणून महिन्याला ८,००० रुपये देण्याचे मी सुचवले. त्यांनी आधी नाही म्हटले, पण मी आग्रह धरला, कारण फुकटचे काम पहिल्याच गर्दीच्या आठवड्यात मागे पडते.

सोमवार, ३० जून

रो-हाऊसच्या वीटकामाची आणि आतील गिलाव्याची मोजमापे घेऊन ३,१२,००० रुपयांचे देयक सादर केले. हे काम पूर्ण होऊन ३८ दिवस झाले होते. मालकाने पैसे अडवले आहेत असे आम्ही घरात बोलत होतो. प्रत्यक्षात मोजमाप घेतल्याशिवाय देयक होत नाही, आणि ते घेण्याची जबाबदारी दादा माझी समजत होते, मी मुकादमाची. आमचे हक्काचे पैसे आम्ही मागितलेच नव्हते.

बुधवार, २ जुलै

बंगल्याचे एकट्याचे पान आज तयार झाले. आकडे जीएसटी वगळून आहेत. ठरलेली रक्कम ४४,४०,००० रुपये. आजवर झालेला खर्च २७,३५,०००, उरलेल्या कामाचा अंदाज १९,६०,०००, म्हणजे एकूण ४६,९५,००० रुपये. काम जसे चालले आहे तसेच चालू राहिले तर २,५५,००० रुपयांचा तोटा होणार आहे.

याचे मुख्य कारण पोलाद नव्हे, आणि पाऊसही नव्हे. करारात नसलेली २,८६,००० रुपयांची वाढीव कामे आम्ही करून दिली आहेत: कुंपणाची भिंत दोन फूट उंच केली, जिन्याची दिशा बदलली, गच्चीवर स्वच्छतागृह काढले, स्वयंपाकघराचा ओटा दोनदा मोडून बांधला. प्रत्येक वेळी दादा म्हणाले, "करून टाकू," आणि मालकांनी समजून घेतले की ते दरातच बसते.

यावर आमचे दोघांचे जोरात वाजले. दादांचे म्हणणे असे, की २२ वर्षे शब्दावर धंदा केला, आता कागद पुढे केला तर माणूस दुखावतो आणि पुढचे काम जाते. त्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही, कारण आजवर मिळालेले प्रत्येक काम त्यांच्या शब्दावरच मिळाले आहे. पण माझ्या मते शब्द पाळायचा असेल तर तो काय दिला होता हे दोन्ही बाजूंना सारखेच आठवायला हवे, आणि वर्षभर चालणाऱ्या कामात ते कोणालाच आठवत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघेही डॉक्टरांकडे गेलो. मी मोजमापांचा तक्ता समोर ठेवला, बोलले मात्र दादाच. डॉक्टरांनी ओट्याचा दुसरा बदल आणि भिंतीचा काही भाग मान्य केला नाही. बाकी १,९०,००० रुपये मान्य करून सही दिली. निघताना ते म्हणाले, की हे आधी सांगितले असते तर गच्चीवरचे स्वच्छतागृह मी काढलेच नसते. मालकाचेही पैसे आमच्या न बोलण्यामुळे खर्च होत होते, हा विचार माझ्या मनात त्याआधी आला नव्हता.

आजपासून वाढीव कामाचा छापील कागद वापरात आहे. त्यात काम, मोजमाप, रक्कम, त्यासाठी लागणारे जादा दिवस आणि मालकांची सही एवढेच असते. सहीशिवाय गवंड्याने थापी लावायची नाही.

सोमवार, २८ जुलै

बंगल्याचा वरचा स्लॅब १९ तारखेला, पावसाची उघडीप साधून भरला. सुमारे १९ घनमीटर काँक्रीट लागले, आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय संहितेप्रमाणे ताकद तपासण्यासाठी तीन नमुने, म्हणजे नऊ क्यूब (ठोकळे) भरून ठेवले आहेत.

आज नववा दिवस. रो-हाऊसचा स्लॅब सेंटरिंगअभावी अडला आहे, अकरा माणसे तेथे बसून आहेत, आणि दादांनी बंगल्याचे टेकू काढून तिकडे नेण्यास सांगितले. मी नकार दिला. बंगल्याच्या दिवाणखान्याचा गाळा, म्हणजे स्लॅबच्या दोन आधारांमधील अंतर, ५.२ मीटरचा आहे. त्याच संहितेत साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकूंना १४ दिवस सांगितले आहेत, तेही साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी. आपण पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेले सिमेंट, वापरतो, जे सुरुवातीला सावकाश ताकद धरते, त्यामुळे त्याला अधिकच वेळ देणे रास्त आहे.

दादा चिडून म्हणाले, की मी शेकडो स्लॅब उघडले आहेत, एकही वाकलेला नाही. मी एवढेच म्हणालो, की तेव्हा तुम्ही स्लॅब पाहून टेकू काढत होता, आज पगार पाहून काढायला सांगत आहात. हे बोलणे कठोर होते आणि मला ते बोलून आनंद झाला नाही. तासाभराने त्यांचा फोन आला: "भाड्याने ७० टेकू आण, पैसे वहीत लिही." भाडे ७,५०० रुपये झाले.

मूळ चूक अशी, की सेंटरिंगचा एकच संच असताना दोन्ही जागांचे स्लॅब आम्ही एकाच पंधरवड्यात धरले. पुढील दोन महिन्यांचा सेंटरिंगचा तक्ता आज भिंतीवर लावला.

शनिवार, २ ऑगस्ट

मुकादमाच्या उचलीचा हिशेब संध्याकाळी पाच ते रात्री अकरा असा सलग बसून मिटवला. त्याची टोळी विजयपूर जिल्ह्यातून येते, आणि हंगामाच्या आरंभी उचल देण्याची पद्धत जुनी आहे. दादांच्या डायरीत २,१५,००० रुपये, मुकादमाच्या मते १,४८,०००. मुकादम म्हणाला, "माझ्याकडं कागद नाही साहेब, पण माणसं हायती. एकेकाला बोलवा नि विचारा." तसेच केले. एक ४४,००० रुपयांची उचल दादांच्या डायरीतही होती आणि माझ्या हिशेबातून पुन्हा त्याच डायरीत उतरवली गेली होती, म्हणजे ती दोनदा धरली होती. आणि होळीनंतर निघून गेलेल्या तीन माणसांचे २३,००० रुपये मुकादम आपल्या नावावर धरत नव्हता. दुबार रक्कम आम्ही सोडली, तीन माणसांची त्याने स्वीकारली, आणि १,७१,००० रुपयांवर दोन्ही बाजूंचे एकमत झाले. यापुढे उचल ज्याची त्याच्या नावे, त्याच्या सहीने किंवा अंगठ्याने दिली जाईल आणि दर शनिवारी ठरावीक रक्कम वळती होईल.

शनिवार, १६ ऑगस्ट

क्यूबचे २८ दिवसांचे निकाल आले. एम-२०, म्हणजे चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीच्या, काँक्रीटचा सर्वांत कमी नमुना २४.१ न्यूटनचा आहे. अहवालाची एक प्रत डॉक्टरांना दिली. रो-हाऊसचे ३,१२,००० रुपये या आठवड्यात जमा झाले, त्यातून सिमेंटच्या दुकानदाराचे हातउसने ६०,००० आधी परत केले.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज घटस्थापना, आणि आजपासूनच सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कंपनीने मूळ किंमत तशीच ठेवली तर ३६० रुपयांची गोणी सुमारे ३३२ रुपयांना पडेल. दादांना वाटले की गोणीमागे २८ रुपये वाचले. मी त्यांना समजावले, की आपण नोंदणीकृत असल्याने सिमेंटवर भरलेला कर आपल्याला वजावटीत मिळतच होता. आपल्या कामाचा खर्च त्यामुळे फारसा उतरत नाही, पण तो कर वजा होईपर्यंत जी रक्कम अडकून पडते ती कमी होते, आणि आमच्यासारख्यांना सध्या तेही मोलाचे आहे.

या बोलण्यातूनच दुसरी गोष्ट पुढे आली. वजावट मिळण्यासाठी बिल हाती असावे लागते, आणि पुरवठादाराने ते आपल्या विवरणपत्रात दाखवलेले असावे लागते. वहिनींनी जीपच्या कप्प्यातून, देव्हाऱ्याच्या खणातून आणि दादांच्या जुन्या डायरीतून २०२४-२५ ची वजावट न घेतलेली १४ बिले शोधून काढली. त्यांवरील कर ६१,४०० रुपये. त्या वर्षाची वजावट घेण्याची मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत आहे. दोन पुरवठादारांनी त्यांची बिले विवरणपत्रात भरलेली नाहीत, त्यांच्याशी आज बोललो.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

काल वहीपूजन केले आणि आज नवी वही लिहायला घेतली. दरवर्षी दादा पहिल्या पानावर श्री लिहीत, आणि त्यानंतर ती वही बहुधा कोरी राहत असे. आज त्यांनी श्री लिहिले आणि खाली वहिनींनी तिन्ही कामांच्या शिल्लक रकमा उतरवल्या. दिवाळीसाठी मजुरांना एक आठवड्याची जादा मजुरी दिली, ती पहिल्यांदाच उसनवारी न करता.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दोन नोंदी. हजेरीपट नियमित झाल्यामुळे आमच्याकडील नऊ मजुरांना वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे दाखले देता आले. या दाखल्यावरच त्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. गेली अनेक वर्षे ते हा दाखला मागत होते आणि आम्ही पुढच्या आठवड्यावर ढकलत होतो, कारण दिवसांचा पुरावाच आमच्याकडे नव्हता. आमच्या अव्यवस्थेची किंमत मंडळाकडून मिळणाऱ्या त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीने मोजली, याची मला मनापासून खंत वाटते.

दुसरी नोंद एका निविदेची. काम मिळवायचे तर अंदाजपत्रकापेक्षा १८ टक्के खाली जावे लागेल असे दिसत होते. दादांना ते हवे होते, कारण काम हातचे जाऊ देणे त्यांच्या स्वभावात नाही. आम्ही वही उघडून शाळेच्या दुरुस्तीचे पान पाहिले. ते काम १२ टक्के खालच्या दराने घेतले होते आणि त्यात शेवटी ११,००० रुपये उरले, तेही माझा आणि दादांचा वेळ न धरता. निविदा भरली नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

बंगल्याचे अंतिम देयक मंजूर झाले. मूळ रक्कम, जुलैत मान्य झालेली वाढीव कामे आणि त्यानंतर सहीने केलेली १,१२,००० रुपयांची कामे मिळून ४७,४२,००० रुपये. एकूण खर्च ४७,०५,०००. सव्वा वर्षाच्या कामात ३७,००० रुपये उरले. ही रक्कम लहान आहे, पण २,५५,००० च्या खड्ड्यातून वर आलेली आहे. सिमेंटच्या दुकानदाराचे देणे ३,१०,००० वर आले आहे आणि कॅश क्रेडिटचा वापर ११,२०,००० पर्यंत उतरला आहे. सेंटरिंगवाल्याचे ४०,००० अजून बाकी आहेत, ते संक्रांतीपर्यंत देण्याचा शब्द दिला आहे आणि तो वहीत लिहिला आहे.

मलकापूरकडच्या नव्या कामावर आज पायाचे खोदकाम सुरू झाले. काळी माती अपेक्षेपेक्षा दोन फूट खोल निघाली. मी दुसऱ्या कामावर होतो. दुपारी दादा खोदकामावरून आले आणि वहिनींच्या पुढे एक कागद ठेवला. जादा खोदाई व भराव, मोजमाप, ८,४०० रुपये, जादा एक दिवस, खाली मालकांची सही. अक्षर दादांचे होते, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेले. वहिनींनी त्यावर तारीख घातली आणि तो फाइलला लावला.